इंजिन गेलंय, सेकंड हँड इंजिन बसवायचं तर कमी खर्चात नीट कसं बसवावं?

चारसिलिंडर (प्रश्न)

गाडी १.४ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, पुढची चाकं ओढणारी. १ लाख ७० हजार किलोमीटर झालेत. चालू असताना तापमानाचा काटा वर गेला, ओढ कमी झाली आणि इंजिन बंद पडलं. थंड झाल्यावर सुरू होतं, पण खालून ठकठक आवाज येतो आणि रेस केलं की वाढतो. आयडलला तेलाचा दिवा लुकलुकतो. डिपस्टिकवरचं तेल दुधाच्या चहासारखं झालंय.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, घेतलं (पीएसआयमध्ये): १ नंबर १६५, २ नंबर ७०, ३ नंबर ७५, ४ नंबर १६०.

बॉडी, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ठणठणीत आहे, म्हणून गाडी भंगारात काढवत नाही. नवीन इंजिन परवडणारं नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फक्त हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, काम करून भागेल का? नसेल, तर जुनं इंजिन घेताना काय तपासायचं? आणि बसवताना कुठले पार्ट नवीन घालायचे, कुठले जुनेच चालतील?

टॅपेट_आवाज

आकडे बोलके आहेत. २ आणि ३ शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही सारखेच पडलेत, म्हणजे त्या दोघांमधलं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) फुटलंय. खात्री करायची तर दोन्हींत चमचाभर, साधारण ५ मिली, तेल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह. घेताना चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली हवी. यातलं एक राहिलं तरी आकडे खोटे येतात.

एवढंच असतं तर हेड काढा, फेसिंग करा (पृष्ठभाग सपाट घासून घ्या), नवीन गॅस्केट आणि नवीन हेड बोल्ट घाला, असं सांगितलं असतं. तुमच्याकडे खालून ठोका आहे आणि दिवा लुकलुकतोय. कूलंट तेलात गेलं की तेलाचा थर टिकत नाही आणि बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंगचं कवच सगळ्यात आधी खरवडतं. एकेक प्लगचा करंट तोडून बघा. ज्या सिलिंडरचा करंट तोडल्यावर ठोका मंदावतो, त्याचा कनेक्टिंग रॉड ढिला. तरी शंका असेल तर तेल काढून चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवा. तळाशी सोनेरी किंवा तांबूस चमक दिसली की प्रश्न मिटला: क्रँक काढून ग्राइंडिंग, अंडरसाइझ कवचं, वर हेडचं काम. तिथे जुनं इंजिन नक्कीच स्वस्त पडतं.

पण इंजिन शोधायला निघण्याआधी हे इंजिन का तापलं ते शोधा. रेडिएटर, पंखा, सगळं तुम्ही जुनंच ठेवणार आहात. दोष तिथे असेल तर दुसरं इंजिनही त्याच आजाराने जाईल. पंख्याचा रिले काढून त्याच्या सॉकेटमधल्या दोन जाड पिनांच्या जागा वायरने जोडा, पंखा फिरतो का बघा. रेडिएटर बाहेर काढा आणि वरून पाणी सोडा, जेवढं ओतता तेवढं खालून धो धो निघालं पाहिजे. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाका. त्यावर छापलेल्या तापमानाला, बहुतेक ८२ ते ८८ अंशांना, तो उघडायला लागतो. वॉटर पंपाचे पाते गंजून झिजलेत का, तेही आत्ताच बघा. रेडिएटरच्या कॅपचं रबर चिरलेलं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

आधी नेमकं काय गेलंय ते बघा, हे ज्यांचा टायमिंग बेल्ट तुटलाय त्यांनाही लागू. तिथे बहुतेक वेळा व्हॉल्व्ह वाकलेले असतात आणि खालचा भाग चांगला असतो. अशा वेळी अख्खं इंजिन बदलणं म्हणजे विनाकारण खर्च.

चेनपुली

इंजिन निवडण्याबद्दल लिहितो, कारण सगळा पैसा इथे वाचतो किंवा इथेच बुडतो.

मॉडेलचं नाव सारखं म्हणून घेऊ नका. ब्लॉकवर कोरलेला इंजिन कोड जुळला पाहिजे. एकाच १.४ लिटरमध्ये मधल्या वर्षी क्रँक सेन्सरच्या चाकाचे दाते बदललेले असतात, कॅम सेन्सरची जागा सरकलेली असते, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा वाढवलेली असते. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळी दिसतात, पण गाडीत बसवल्यावर ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) सिग्नल कळत नाही आणि गाडी सुरूच होत नाही. ऑटोमॅटिक गाडीतून काढलेलं इंजिनही जपून घ्या. त्यावर फ्लायव्हीलऐवजी पातळ फ्लेक्सप्लेट असते आणि काही इंजिनांत क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी बेअरिंगच बसवलेलं नसतं. फ्लायव्हील तुमच्याच इंजिनाचं वापरा, आणि ते बेअरिंग आहे की नाही बघून घ्या.

मागून धडक बसून मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन सर्वात चांगलं. ते धडकेपर्यंत चालू होतं आणि धक्का त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. समोरून ठोकलेल्याचं घेत असाल तर क्रँक पुली फिरवून डगमगते का, चेंबर चेपलंय का, माउंटिंगचे कान तडकलेत का बघा. चेपलेलं चेंबर तेल खेचणाऱ्या पाइपाच्या जाळीला चिकटतं आणि तेलाचा दाब पडतो.

जागेवर हे करा:

क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्लग काढलेले असतील तर एकसारखं, जडसर फिरलं पाहिजे. मध्येच कडक अडलं तर घेऊ नका.

तेलाचं झाकण उघडा. आतून मधासारखा रंग म्हणजे तेल वेळच्या वेळी बदललेलं. काळी घट्ट मळी बोटाला लागली तर ते इंजिन सोडून द्या, किंमत कितीही कमी असो. झाकणाखाली थोडा पांढरट फेस कधी कधी थंडीत कमी अंतर चालवल्यानेही येतो, पण डिपस्टिकवरही तसाच असेल तर ते तुमच्यासारखंच गेलेलं इंजिन आहे.

ड्रेन प्लग सैल करून थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्या. फिल्टर मिळाला तर पत्र्याची कात्री घेऊन कापा, घड्या उलगडा. चमकणारे कण दिसले तर बेअरिंग गेलेलं.

प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडा. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेषा दिसल्या पाहिजेत. उभे ओरखडे नकोत. एकच पिस्टन बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात होतं.

आणि लेखी घ्या: इंजिन नंबर, किलोमीटर आणि परत घेण्याची मुदत. नंबर घासलेला असेल तर हातही लावू नका, चोरीच्या गाडीचं असू शकतं आणि पुढे नोंदणीत अडकाल. काही विक्रेते हेडवर गोल बटणासारखा टॅब चिकटवतात. इंजिन बेसुमार तापलं तर त्याचा मधला भाग वितळतो, आणि मग वॉरंटी संपते. तो टॅब काढायचा नाही.

चारसिलिंडर

प्लगचा करंट तोडून बघितला. ३ नंबरचा तोडला की ठोका निम्म्यावर येतो. म्हणजे इंजिनच बदलायचं.

एक इंजिन मिळतंय, कोड तोच, १ लाख ५ हजार किलोमीटर. नुसतं इंजिन घेतलं तर स्वस्त, गिअरबॉक्ससकट थोडं महाग. माझा गिअरबॉक्स चांगला आहे, मग जास्तीचे कशाला द्यायचे? दुसरं, ते जमिनीवर ठेवलेलं आहे, चालू करून दाखवत नाहीत. हेड उघडून आतून बघून घ्यावं का?

टॅपेट_आवाज

हेड उघडाच असं मी म्हणेन. तुमच्या नवीन इंजिनाचं गॅस्केट एक लाखाहून जास्त चाललेलं आहे. इंजिन बाहेर असताना गॅस्केट बदलायला अर्धा दिवस, गाडीत बसवल्यावर दोन दिवस. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजा, साधारण ०.०५ मिमीच्या आत हवा. व्हॉल्व्हचे सील त्याच वेळी होतात.

चेनपुली

इथे माझं मत वेगळं आहे. कॉम्प्रेशन चांगलं आणि एकसारखं असेल तर कारखान्यातून बसलेलं गॅस्केट उघडू नये. हेड उघडलं की नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट आणि फेसिंग आलंच. नाहीतर जुन्या पृष्ठभागावर नवीन गॅस्केट नीट बसत नाही आणि जो धोका नव्हता तो तयार होतो. शिवाय बहुतेक विक्रेते हेड उघडलेलं इंजिन परत घेत नाहीत. हेड उघडायचं ते आकड्यांत दोष दिसला तर, आणि तेव्हा मुळात ते इंजिनच घ्यायचं नाही.

गिअरबॉक्सचे जास्तीचे पैसे द्या, कारण त्यामुळे इंजिन जमिनीवरच तपासता येतं. सेल्फ गिअरबॉक्सच्या घंटेवर (इंजिनाला जोडणाऱ्या रुंद तोंडावर) बसतो, गिअरबॉक्स नसेल तर सेल्फ धरायला जागाच नाही. गिअरबॉक्सासकट इंजिन जुन्या टायरवर पक्कं टेकवा, कारण सेल्फ मारला की ते उसळतं. गिअर न्यूट्रलला ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह जाड केबल ब्लॉकला, पॉझिटिव्ह सेल्फच्या मोठ्या बोल्टला, आणि एक बारीक वायर पॉझिटिव्हवरून सेल्फच्या छोट्या पिनेला टेकवायची. थ्रॉटल उघडा धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके होईपर्यंत फिरवा. इंजिन थंड असल्याने आकडे थोडे कमी येतील, ते चालतं. चारही आकडे एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांत हवेत, आणि एकही १२० पीएसआयच्या खाली नको. बरेच महिने पडून असेल तर आधी प्रत्येक बोअरमध्ये ५-१० मिली तेल टाकून रात्रभर ठेवा आणि हाताने फिरवा. थेट सेल्फ मारला तर चिकटलेली रिंग तुटू शकते. मात्र हे तेल आकडा वाढवतं. म्हणून आधी थोडं फिरवून तेल बाहेर उडू द्या, मग मोजा.

एअर कॉम्प्रेसर हाताशी असेल तर लीकडाउन (हवा भरून गळती मोजणं) त्याहून खात्रीचं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून १०० पीएसआय हवा सोडायची आणि क्रँक घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर तो झटक्याने फिरतो. १० टक्क्यांपर्यंत गळती उत्तम, २० च्या वर शंका. हवा तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, मॅनिफोल्डमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, कूलंटच्या तोंडाशी बुडबुडे आले तर गॅस्केट.

काम झालं की तो गिअरबॉक्स विकून टाका, बरेचसे पैसे परत मिळतात.

गोटीपाना

नवीन काय घालायचं, ते राहून गेलंय.

इंजिन जमिनीवर असताना जे तासाभरात होतं आणि गाडीत असताना इंजिन पुन्हा काढायला लावतं, ते बदला. म्हणजे क्रँकचं मागचं सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. मागचं सील सगळ्यात स्वस्त, पण गळालं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो आणि तेलाने क्लचही खराब होतो. सील घालताना एक जपा: काही सील पीटीएफईची (टेफ्लॉनची) असतात आणि कोरडीच बसवायची असतात. त्यांना तेल लावलं तर ती गळतात. पाकिटावर लिहिलेलं असतं.

दुसरा गट टायमिंगचा: बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्रच. पुढचं क्रँक सील आणि कॅमची सीलंही त्याच वेळी. बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सगळ्या खुणा पुन्हा जुळतात का बघा. एक दाता चुकला तर हे नंतर महागात पडतं.

बाकी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, मॅनिफोल्डची दोन्ही पॅकिंगं, थर्मोस्टॅट, प्लग, फॅनबेल्ट. रेडिएटरचे पाइप नवीनच घाला. तुमच्या कूलंटमध्ये तेल गेलं असणार आणि तेलाने हे रबर फुगून मऊ पडतं. रेडिएटर आणि हीटर कोअर कमी फेसाच्या साबणाच्या गरम पाण्याने, स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा.

तुमचीच चालतील ती: अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, इंजेक्टर, कॉइल, सेन्सर, वायरिंग. किंबहुना जुळणारे आणि चालत असलेले तुमचेच वापरा. नवीन इंजिनाबरोबर आलेले सेन्सर बाजूला जपून ठेवा, पुढे कामी येतात.

टर्बो असणाऱ्यांना सूचना: बेअरिंग फुटून गेलेल्या इंजिनातले धातूचे कण ऑइल कूलर, टर्बोची तेलाची नळी आणि इंटरकूलरमध्ये बसतात. ऑइल कूलर धुऊन पूर्ण साफ होत नाही, नवीन घाला.

आता बसवणं. चार सिलिंडरचं छोटं इंजिन साधारण १०० ते १३० किलो, गिअरबॉक्स आणखी ३० ते ४५. म्हणून किमान १ टनाची क्रेन आणि लेव्हलर (लटकलेलं इंजिन हवं तसं तिरकं-सरळ करणारा) घ्या. दोर बांधून काम करू नका. पेट्रोलचा दाब सोडायला पंपाचा फ्यूज काढून काही सेकंद सेल्फ मारा, मग बॅटरी सोडा. एसीच्या नळ्या उघडायच्या नाहीत. कॉम्प्रेसर नळ्यांसकट सोडवून बाजूला तारेने बांधा, लटकू देऊ नका. प्रत्येक कनेक्टरचा फोटो आणि चिकटपट्टीवर नाव. बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या पिशवीत, कारण घंटेचे बोल्ट दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात. लांब बोल्ट छोट्या भोकात गेला तर ॲल्युमिनियमचं घर तडकतं.

गिअरबॉक्स जोडताना सर्वात जास्त चुका होतात. ब्लॉकवर दोन पोकळ डॉवेल (दोन भाग अचूक जुळवणाऱ्या खुंट्या) असतात. ते जुन्या इंजिनात राहून जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाहीत. नसले की गिअरबॉक्स अर्धा मिलीमीटर तिरका बसतो, क्लच थरथरतो आणि शाफ्टचं बेअरिंग काही महिन्यांत ओरडायला लागतं. क्लच प्लेट मध्यभागी आणायचा दांडा वापरा. दोन्ही भाग हाताने ढकलूनच पूर्ण मिळाले पाहिजेत. मधली फट बोल्ट आवळून मिटवायला गेलात तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

ऑटोमॅटिकवाल्यांनी टॉर्क कन्व्हर्टर फिरवत आत ढकलावा, तो टप्प्याटप्प्याने खटकन आत जातो. पूर्ण बसला नसताना बोल्ट आवळले तर गिअरबॉक्सचा तेलपंप जागीच फुटतो. जोडल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून थोडा मागे असला पाहिजे.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन, टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्याने. माउंटिंग सगळी हाताने लावा, इंजिन सरळ बसवा, मगच आवळा. आधीच एक आवळलं तर आयडलला अख्खी गाडी थरथरते.

वायरमन

एकच गोष्ट, पण ती बहुतेक जण विसरतात: इंजिन ते चेसिसची अर्थ पट्टी. ती राहिली तर सेल्फचा प्रचंड करंट गिअर केबल, थ्रॉटल केबल, छोट्या वायरिंगमधून परतीचा रस्ता शोधतो. सेल्फ धापा टाकतो, सेन्सरचे आकडे वेडेवाकडे येतात आणि कधी केबल जळते. पट्टीची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, रंगावर लावू नका.

ईसीयू तुमचाच ठेवा. किल्ली आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) त्याच्याशी जोडलेले असतात. दुसऱ्या इंजिनाबरोबर आलेला ईसीयू लावला तर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते, किंवा सुरूच होत नाही. कॉमन रेल डिझेल असेल आणि इंजेक्टर नवीन इंजिनाचे वापरले तर प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, नाहीतर आयडल खडबडीत आणि धूर.

चारसिलिंडर

खूप स्पष्ट झालं. पहिल्यांदा सुरू करताना काय क्रम ठेवायचा?

गोटीपाना

तेल भरा, तुमच्या इंजिनाला साधारण साडेतीन ते चार लिटर, डिपस्टिक बघत बघत. फिल्टरमध्येही थोडं भरून लावा, उभा बसत असेल तर. प्लग काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, अशा स्थितीत सेल्फ १० सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. तेलाचा दिवा विझेपर्यंत. चार-पाच वेळा करूनही विझला नाही तर सुरू करायचं नाही. प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून बघा.

मग प्लग आणि फ्यूज लावून सुरू करा. दिवा तीन-चार सेकंदांत गेला पाहिजे. रेस करू नका, आयडलला ठेवून खाली टॉर्च घेऊन गळती बघा.

कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक चढाला, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा. कमीत कमी दोन वेळा पंखा लागून बंद होऊ द्या. काटा मधोमध असताना हीटरमधून गार हवा आली तर आत हवा अडकली आहे, लगेच बंद करा. पूर्ण थंड झाल्यावरच कॅप उघडून पातळी बघा.

सगळं चांगलं असूनही ओढ नसेल तर इंजिनाला दोष देण्याआधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघा. जुन्या इंजिनाने कूलंट आणि तेल जाळलं असेल तर तो तुंबतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे दाबाचा गेज लावा. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला ३ च्या आत हवा.

पहिलं तेल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला बदला, फिल्टर कापून बघा. त्याच वेळी माउंटिंगचे आणि मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. आणि नोंदणीच्या कागदावर नवीन इंजिन नंबर चढवून घ्या, विम्यालाही तोच कळवा. विक्रेत्याची पावती त्यासाठीच लागते.